तिरप्या ठशातला एक शब्द

१५३५ सालच्या हिवाळ्यात ब्रसेल्सजवळच्या व्हिल्व्होर्ड किल्ल्यातल्या एका कैद्याने तिथल्या अधिकाऱ्याला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं. पत्र छोटंसं आहे आणि ते आजही शिल्लक आहे. डोक्याला गारठा सहन होत नाही, सर्दी हटत नाही, तेव्हा माझ्या जप्त सामानातली उबदार टोपी मिळावी. अंगातला कोट फार पातळ आहे, जाडसा कोट मिळावा. पायांतल्या कपड्यांना ठिगळ लावायला कापडाचा तुकडा मिळावा. संध्याकाळी दिवा मिळावा, कारण अंधारात एकट्याने बसून राहणं जिवावर येतं. आणि या सगळ्यांहून कळकळीची विनंती अशी की माझं हिब्रू बायबल, हिब्रू व्याकरण आणि हिब्रू शब्दकोश मला वापरू द्यावा, म्हणजे वेळ अभ्यासात घालवता येईल.

कैद्याचं नाव विल्यम टिंडेल. पुढच्या वर्षी, १५३६ च्या ऑक्टोबरात, त्याला खांबाला बांधून गळा आवळून मारलं आणि प्रेत जाळलं. आरोप पाखंडाचा होता, पण साऱ्याच्या मुळाशी एक भाषांतर होतं. बिशपच्या परवानगीशिवाय बायबलचा उतारा इंग्रजीत आणायचा नाही, असा नियम इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून होता. टिंडेलने लंडनच्या बिशपकडे आश्रय मागितला, तो मिळाला नाही, आणि १५२४ मध्ये तो जर्मनीला गेला तो कायमचाच. १५२६ मध्ये वर्म्स गावी त्याचा इंग्रजी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून पुढचा भाग, छापून झाला, थेट ग्रीकवरून केलेला. कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून प्रती इंग्लंडला जायच्या आणि सापडतील तेवढ्या जाळल्या जायच्या. त्या आवृत्तीच्या आज जगात तीनच प्रती माहीत आहेत. जुन्या करारासाठी हिब्रू हवी होती, आणि इंग्लंडमधून ज्यूंना तर १२९० मध्येच हाकलून दिलेलं. ती भाषा त्याने युरोपात फिरता फिरता आत्मसात केली आणि १५३० मध्ये पहिली पाच पुस्तकं इंग्रजीत छापून मोकळा झाला.

भाषांतर हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. करारनामे, औषधांची माहितीपत्रकं, अधूनमधून एखादी कथा. नगरच्या ख्रिस्ती घरात वाढल्यामुळे शास्त्रातली मराठी कानात लहानपणापासून आहे, आणि हिब्रू मी बरीच उशिरा, केवळ ओढीने शिकायला घेतली. अजूनही शब्दकोश उघडा ठेवूनच वाचते. पण त्या वाचनातून एक गोष्ट मनात पक्की होत गेली. बायबलच्या इंग्रजी भाषांतरकारांना खरा त्रास अवघड शब्दांनी दिलेला नाही. अवघड शब्दापाशी माणूस थांबतो, चार कोश चाळतो, समासात टीप देतो. छळतात ते सवयीचे शब्द, जे आधीच्या भाषांतराने लोकांच्या तोंडी बसवून ठेवले आहेत आणि आता लोकांना तेच मूळ वाटतं.

टिंडेलवर सर टॉमस मोर या कट्टर कॅथलिक विद्वानाने जे जाडजूड ग्रंथ लिहिले, त्यांतला मोठा राग अशाच काही शब्दांवर होता. ग्रीकमधला ‘एक्लेसिया’ हा शब्द घ्या. ग्रीक शहरांत नागरिकांची सभा भरायची, तिला एक्लेसिया म्हणत. येशूचा प्रेषित पौल याने तोच शब्द विश्वास ठेवणाऱ्यांच्या जमावाला वापरला. इंग्रजीत तोवर रुळला होता ‘चर्च’, आणि त्या शब्दामागे पोप, बिशप, जमिनी, न्यायालयं, सगळं उभं होतं. टिंडेलने तिथे ‘काँग्रिगेशन’ म्हणजे जमलेली माणसं असा शब्द घातला. ‘प्रीस्ट’ असायचा तिथे वयाने-मानाने वडीलधारा माणूस आणला. ‘प्रायश्चित्त घ्या’ होतं तिथे ‘पश्चात्ताप करा’ केलं. एकेका शब्दाच्या बदलातून एका संस्थेखालची जमीन सरकत होती, आणि मोरला ते नेमकं कळलं होतं. मोरची बाजू मला पटत नाही, पण तो शब्दांना क्षुल्लक समजत नव्हता, एवढं त्याचं देणं मान्य करायला हवं.

गंमत पुढे आहे. राजा पहिला जेम्स याने १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्टच्या परिषदेत नव्या भाषांतराला मान्यता दिली. वेस्टमिन्स्टर, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज मिळून सत्तेचाळीसच्या आसपास विद्वान सहा गटांत बसले. त्यांना लेखी नियम दिले होते आणि त्यांतला एक स्पष्ट होता: जुने धार्मिक शब्द तसेच ठेवायचे, ‘चर्च’च्या जागी ‘काँग्रिगेशन’ येता कामा नये. त्यांनी नियम पाळला. मात्र प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस शहरातला जमाव नाट्यगृहात घुसून दंगा घालतो, तिथेही ग्रीकमध्ये एक्लेसियाच आहे. दंगलखोरांना चर्च कसं म्हणणार? तिथे त्यांनी ‘असेंब्ली’ लिहिलं. एकच ग्रीक शब्द एका पानावर पवित्र आणि दुसऱ्या पानावर साधा झाला, आणि इंग्रजी वाचकाला त्याचा पत्ताही लागला नाही.

आपल्या मराठी शास्त्रात याच जागी ‘मंडळी’ आहे. घरची मंडळी, गावची मंडळी, ‘नमस्कार मंडळी’ म्हणताना जी असते तीच. पौल ‘करिंथ येथील मंडळी’ला पत्र लिहितो हे ऐकताना कुणाच्या डोळ्यांसमोर इमारत येत नाही, माणसं येतात. ज्या अर्थासाठी टिंडेलने देश सोडला, तो अर्थ आमच्या चर्चमधल्या लहान पोरांनाही आपसूक मिळतो. मला या शब्दाचं फार अप्रूप आहे.

आता हिब्रूकडे येते. हिब्रू लिपीत मुळात व्यंजनंच लिहायची पद्धत. स्वर वाचणाऱ्याच्या तोंडात. ते हरवू नयेत म्हणून सहाव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान मासोरा परंपरेतल्या पंडितांनी, विशेषतः गालील सरोवराकाठच्या तिबिर्यात, अक्षरांच्या वर-खाली खुणा देऊन उच्चार पक्के केले. संपूर्ण जुन्या कराराची या पद्धतीची सर्वांत जुनी हाती असलेली प्रत १००८ सालची आहे. म्हणजे आमोस संदेष्टा बोलला तेव्हापासून सतराशे-अठराशे वर्षांनी लिहिलेली. मधल्या काळात नकला करणाऱ्या हातांनी अक्षरं जपली, हे आश्चर्यच आहे. आणि तरीही कुठे कुठे अडकायला होतंच.

आमोसचंच उदाहरण पाहा. तकोवा गावचा गुराखी, उंबरांची देखभाल करणारा. सहाव्या अध्यायाच्या बाराव्या वचनात तो विचारतो, खडकावर घोडे धावतात का? उत्तर अर्थात ‘नाही’. मग पुढचा प्रश्न, जसा छापील हिब्रूत आहे तसा: बैलांनी कुणी नांगरतं का? याचं उत्तर तर ‘हो’ आहे. शेतकऱ्याच्या पोराला विचारा, तो हसेल. किंग जेम्सच्या भाषांतरकारांनाही हे खटकलं, म्हणून त्यांनी इंग्रजीत ‘तिथे’ हा शब्द घातला, म्हणजे ‘तिथे खडकावर कुणी बैलांनी नांगरतं का?’ असं वाचता यावं. आणि तो शब्द आपल्या पदरचा आहे हे दिसावं म्हणून तो तिरप्या ठशात आहे. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं की हिब्रूतली तीच अक्षरं वेगळ्या जागी तोडली, ‘बैलांनी’ या एका शब्दाचे दोन शब्द केले, तर वाक्य होतं: समुद्र कुणी बैलाने नांगरतं का? एकही अक्षर न बदलता वाक्य ताठ उभं राहतं. विसाव्या शतकातल्या कितीतरी इंग्रजी आवृत्त्यांनी हे वाचन घेतलं. मला ते शंभर टक्के पटतं, कारण गुराख्याच्या तोंडचा टोमणा असाच असणार.

काही शब्द असे की सबंध जुन्या करारात एकदाच येतात. तुलनेला दुसरं वाक्यच नाही. तिथे मग शेजारच्या अरबी, अरामी, अक्कादी भाषांत डोकावायचं, जुनी ग्रीक भाषांतरं बघायची आणि अंदाज बांधायचा. योनाच्या गोष्टीत देव त्याच्या डोक्यावर सावली धरायला एका रात्रीत जे झाड उगवतो, त्याचं हिब्रू नाव ‘किकायोन’ फक्त त्याच गोष्टीत आहे. जुन्या लॅटिनमध्ये तिथे भोपळ्याचा वेल होता. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या ख्रिस्ती पंडिताने बेथलेहेमात बसून हिब्रूवरून नवं लॅटिन केलं आणि भोपळ्याच्या जागी आयव्हीचा वेल घातला. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने ४०३ मध्ये त्याला पत्राने कळवलं की आजच्या लिबियातल्या त्रिपोलीच्या जागी असलेल्या शहरात बिशपने हे नवं भाषांतर वाचलं आणि उपासनेतच गोंधळ माजला. पिढ्यानपिढ्या ऐकलेला भोपळा गेला कुठे? आपले लोक आपल्याला सोडून जातील या भीतीने बिशपला शब्द मागे घ्यावा लागला. जेरोमने उत्तरात झाडाचं वर्णन दिलं आहे: रुंद पानांचं, झपाट्याने वाढणारं, आधाराशिवाय स्वतःच्या बुंध्यावर उभं राहणारं. आज बरेच अभ्यासक ते झाड म्हणजे एरंड मानतात. आपल्याकडे उकिरड्याच्या कडेला पावसाळ्यात बघता बघता डोक्याएवढा वाढतो तो. जेरोमला बिचाऱ्याला लॅटिनमध्ये सोयीचा शब्द सापडला नव्हता, पण त्याचं वर्णन वाचून मराठी माणूस चटकन ओळखेल.

या भोपळ्याच्या भांडणात पुढच्या सोळाशे वर्षांची सगळी भांडणं आहेत. अर्थ बरोबर की चूक हा प्रश्न मागे पडतो आणि ‘आमचा शब्द का बदलला’ हा पुढे येतो. १९५२ मध्ये अमेरिकेत रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्शन हे बायबलचं इंग्रजी भाषांतर पूर्ण प्रसिद्ध झालं. यशयाच्या सातव्या अध्यायातल्या चौदाव्या वचनात ‘आल्मा’ असा हिब्रू शब्द आहे, म्हणजे वयात आलेली तरुण स्त्री. ख्रिस्तापूर्वी आलेक्झांड्रियाकडच्या ज्यूंनी ग्रीक भाषांतर केलं त्यात तो ‘पार्थेनोस’ झाला, सर्वसाधारणपणे कुमारी. येशूचं चरित्र लिहिणाऱ्या मत्तयाने तोच ग्रीक शब्द उचलला, आणि इंग्रजीत शतकानुशतकं ‘व्हर्जिन’ राहिला. १९५२ च्या भाषांतरकारांनी यशयात ‘तरुण स्त्री’ लिहिलं, तळटीपेत ‘किंवा कुमारी’ असं नोंदवलं, आणि मत्तयात ग्रीकप्रमाणे कुमारीच ठेवलं. याहून प्रामाणिक काम दुसरं कोणतं असणार? तरी नॉर्थ कॅरोलायनातल्या एका पाळकाने ते पान लोकांसमोर जाळलं. समितीच्या अध्यक्षांकडे त्या भाषांतराची राख पत्र्याच्या डब्यातून आली. टिंडेलच्या काळी माणूस जळाला होता, आता पान जळालं, असं म्हणून समाधान मानता येईल. पण मला त्या समितीतल्या वृद्ध विद्वानांचं वाईट वाटतं, ज्यांनी एका शब्दावर प्रामाणिक राहण्यासाठी एवढं ऐकून घेतलं.

आणि तरीही त्या सवयीमागची माया मी समजू शकते. आमच्याकडेही नव्या आवृत्तीत स्तोत्राची एखादी ओळ बदलली की म्हातारी माणसं उपासनेनंतर व्हरांड्यात कुरकुरतात. मरणाच्या घरी, बारशाला, लग्नात जी ओळ म्हटली ती ओळ त्यांची झालेली असते.

एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीतला शब्द मला सगळ्यांत जवळचा. पहिल्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायात तो जीव वाचवून पळालेला, होरेब डोंगराच्या गुहेत बसलेला. डोंगर फोडणारा वारा येतो, त्यात परमेश्वर नाही. भूकंप होतो, त्यात नाही. अग्नी येतो, त्यातही नाही. आणि अग्नीनंतर हिब्रूत तीन शब्द: कोल, देमामा, दाक्का. कोल म्हणजे आवाज. देमामा म्हणजे शांतता, स्तब्धता. दाक्का म्हणजे बारीक. किंग जेम्सने त्याचा ‘शांत लहान आवाज’ केला आणि तो इतका गोड झाला की इंग्रजीत सदसद्विवेकबुद्धीला तेच नाव पडलं. काही आधुनिक आवृत्त्यांत ‘मंद कुजबुज’ आहे, ती तर मला सरळ पळवाट वाटते. कुजबुजीला शब्द असतात, इथे शब्द नाहीत. १९८९ च्या एका आवृत्तीने ‘निखळ शांततेचा आवाज’ असं धाडस केलं, ते मूळाच्या खूप जवळ जातं. पण ‘दाक्का’ त्यातही निसटला. हाच शब्द लेवीयात महायाजकाच्या मुठीतल्या सुगंधी धुपासाठी आहे, कुटून अगदी बारीक केलेल्या. मराठीत त्याला आपण वस्त्रगाळ म्हणतो. वस्त्रगाळ शांतता, आणि तिचा आवाज! हे इंग्रजीत कसं आणावं, कुणास ठाऊक. मराठीत निदान हाताला लागतं.

टिंडेलचं एक म्हणणं होतं की हिब्रूची वाक्यं लॅटिनपेक्षा इंग्रजीत हजार पटींनी सहज उतरतात, बहुतेक ठिकाणी शब्दाला शब्द ठेवत जाता येतं. यात तथ्य आहे, आणि ते बहुतांशी ‘आणि’मुळे. हिब्रू कथा ‘आणि’वर चालते. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात अब्राहामाचा नोकर दहा उंट घेऊन विहिरीवर येतो आणि रिबका त्याला पाणी देते. हिब्रूत: आणि तिने घाई केली, आणि घागर हातावर उतरवली, आणि त्याला पाजलं, पुढे, आणि तिने घाई केली, आणि घागर डोणीत रिकामी केली, आणि पुन्हा विहिरीकडे धावली, आणि त्याच्या सगळ्या उंटांसाठी पाणी काढलं. प्रत्येक कामाला स्वतःचं क्रियापद, प्रत्येक क्रियापदाआधी ‘आणि’. तहानलेले दहा उंट किती पाणी पितात याचा विचार करा, म्हणजे ही वाक्यरचना किती घामाची आहे ते कळेल. किंग जेम्सने हे सगळे ‘आणि’ जपले.

विसाव्या शतकात युजीन नायडा या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने वेगळा विचार मांडला: मूळ वाचकावर जो परिणाम झाला तो आजच्या वाचकावर व्हावा, मग शब्दरचना बदलली तरी चालेल. जगभरच्या शेकडो भाषांत जी भाषांतरं झाली त्यांना या विचाराने बळ दिलं, आणि ते मोलाचंच आहे. पण इंग्रजीत त्याचा एक परिणाम असा झाला की ‘आणि’ गळाले. ‘तिने पटकन घागर रिकामी केली’ असं छोटं, नीटस वाक्य आलं. रॉबर्ट ऑल्टर या अमेरिकी अभ्यासकाने संपूर्ण हिब्रू बायबल एकट्याने इंग्रजीत आणलं, ते २०१८ मध्ये पूर्ण छापून आलं, आणि त्यात त्याने हे ‘आणि’ हट्टाने परत बसवले. मी पूर्णपणे त्याच्या बाजूने आहे. मराठीत तर मोह दुप्पट असतो, कारण आपल्याकडे ‘ऊन’ प्रत्यय हाताशी आहे. घाईघाईने घागर उतरवून, पाणी पाजून, डोण भरून ती विहिरीकडे धावली: वाक्य किती सुरेख झालं! आणि रिबकेचे कष्ट त्यात कुठेच उरले नाहीत. सगळी कामं शेवटच्या एका क्रियापदाच्या पाठीमागे दडली.

शब्दांचे खेळ हा वेगळाच प्रांत. आमोसला दर्शनात फळांची टोपली दिसते, ‘कायित्स’, उन्हाळ्याच्या अखेरीची फळं. देव म्हणतो, माझ्या लोकांचा ‘केत्स’ आला, शेवट आला. इंग्रजीत फळ आणि शेवट यांचा काही संबंध जुळेना, म्हणून कुणी ‘पिकलेली फळं’ आणि ‘वेळ पिकली’ अशी सांगड घातली, कुणी तळटीपेवर सोडलं. मराठीत ‘हंगामाअखेरची फळं’ आणि ‘माझ्या लोकांची अखेर आली आहे’ असं करता येतं. अशी जागा सापडली की दिवस चांगला जातो.

ग्रीक नव्या करारात अडचणीची जात बदलते. येशू बोलला अरामीत, लिहिलं गेलं ग्रीकमध्ये. म्हणजे आपण जे मूळ म्हणतो तेच बरंचसं भाषांतर. प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘आमची रोजची भाकर’ म्हणतो. इंग्रजीतही ‘रोजची’च आहे. ग्रीकमध्ये तिथे ‘एपिऊसिओस’ आहे, आणि हा शब्द त्याआधीच्या ग्रीकमध्ये सापडत नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताने, ज्याची मातृभाषाच ग्रीक, लिहून ठेवलं की हा शब्द शुभवर्तमानकारांनीच घडवलेला दिसतो. उद्याची भाकर? जगण्यापुरती? जेरोमने तर लूकमध्ये ‘रोजची’ ठेवलं आणि मत्तयात त्याच शब्दासाठी ‘सत्त्वापलीकडची’ असा जड शब्द घडवला. जगातली सगळ्यांत जास्त म्हटली जाणारी प्रार्थना, आणि तिच्या ऐन मधल्या शब्दावर दोन हजार वर्षं एकमत नाही! मला यात श्रद्धेला धोका दिसत नाही. भुकेल्या माणसाला कुठलाही अर्थ चालेल.

हस्तलिखितांचे घोळ त्यावर. डच पंडित इरास्मसने १५१६ मध्ये बाझेलला ग्रीक नवा करार छापला तेव्हा प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या त्याच्या एकमेव हस्तलिखिताचं शेवटचं पान गळालेलं होतं. शेवटची सहा वचनं त्याने लॅटिनवरून उलट ग्रीकमध्ये आणली. लॅटिनमध्ये नकलाकारांच्या हातून ‘झाड’ या शब्दाचं ‘पुस्तक’ झालं होतं, दोन शब्दांत एका-दोन अक्षरांचाच फरक. त्यामुळे ग्रीक हस्तलिखितांत जे ‘जीवनाचं झाड’ आहे, ते किंग जेम्सच्या शेवटच्या पानावर ‘जीवनाचं पुस्तक’ होऊन बसलं. १९४७ पासून मृत समुद्राकाठी कुम्रानच्या गुहांत गुंडाळ्या सापडल्या तेव्हा उलट घडलं: शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला, अम्मोन्यांचा राजा लोकांचे उजवे डोळे काढत असे हे सांगणारा, मासोरा पाठात नसलेला परिच्छेद मिळाला आणि १९८९ च्या त्याच आवृत्तीत तो मूळ मजकुरात घेतला गेला.

हे सगळं वाचताना पंडिता रमाबाई आठवल्याशिवाय राहत नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायकांच्या संसारात, त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल मराठीत आणायला बसल्या. संस्कृतवर एवढं प्रभुत्व असलेल्या बाईने ठरवून सोपी मराठी लिहिली, खेड्यातल्या बाईला वाचता यावी अशी. छपाई मिशनच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. नांगर हाकणाऱ्या पोरालाही शास्त्र कळेल असं करीन, असं टिंडेल एका पंडिताला म्हणाला होता अशी नोंद आहे. रमाबाईंचं भाषांतर पुढे फारसं चाललं नाही, आणि आपल्या साहित्याच्या इतिहासांतही त्यावर दोन ओळींपलीकडे क्वचितच कुणी लिहितं. मला याची खंत वाटते. मूळ भाषांवरून सबंध बायबल एकहाती आपल्या भाषेत आणणारी माणसं, स्त्री असो वा पुरुष, जगात फार थोडी.

१६११ मध्ये छापलेल्या किंग जेम्सच्या ग्रंथाला वाचकांसाठी एक लांबलचक प्रस्तावना होती, जी आजच्या बहुतेक प्रतींत छापतच नाहीत. तिच्यात भाषांतरकार म्हणतात की जिथे आम्हाला खात्री नाही तिथे समासात दुसरा अर्थ दिला आहे. राजाच्या हुकुमाने, राजाच्या खर्चाच्या आशेवर बसलेल्या माणसांनी उघडपणे ‘किंवा’ लिहिलं, याचं मला मोल वाटतं. तिरप्या ठशामागेही तीच भूमिका. मुळात नाही, आम्ही घातलं आहे, हे सांगून टाकायचं.

त्या तिरप्या ठशातला एक शब्द ईयोबाच्या पुस्तकात आहे आणि त्याच्यावर पुस्तकाचा सगळा शेवट तोललेला आहे. निर्दोष माणूस, मुलं गेली, गुरं गेली, अंगभर फोड. मित्र येतात आणि तीसेक अध्याय त्याला पटवत राहतात की तुझंच काहीतरी चुकलं असणार. तो ऐकत नाही, देवालाच जाब विचारतो. शेवटी वावटळीतून देव बोलतो, आणि बेचाळिसाव्या अध्यायाच्या सहाव्या वचनात ईयोब आपलं शेवटचं वाक्य उच्चारतो. किंग जेम्समध्ये ते असं: म्हणून मी स्वतःचा धिक्कार करतो, आणि धूळ व राख यांत पश्चात्ताप करतो. यातला ‘स्वतःचा’ तिरपा आहे. हिब्रूत तो नाही. हिब्रूत एवढंच आहे की मी नाकारतो, झिडकारतो. काय, ते सांगितलेलंच नाही. नंतरच्या अनेक इंग्रजी आवृत्त्यांनी ‘स्वतःचा’ ठेवला आणि तिरपा ठसा काढून टाकला, त्यामुळे आता तो मुळातलाच वाटतो.

दुसरं क्रियापद ‘निहाम्ती’. त्याच्या धातूचे अर्थ दोन: पश्चात्ताप होणं किंवा मन बदलणं, आणि सांत्वन मिळणं. पुस्तकाच्या सुरुवातीला मित्र ज्यासाठी येतात ते ‘सांत्वन’ याच धातूचं. सोळाव्या अध्यायात ईयोब त्यांना ‘कसले सांत्वन करणारे तुम्ही’ म्हणून फटकारतो तेव्हाही हाच. शेवटी भाऊबंद येऊन त्याचं सांत्वन करतात, तिथेही. मग ऐन मधल्या वाक्यात तोच धातू एकदम पश्चात्ताप का व्हावा? ‘धूळ आणि राख’, आफार वा-एफेर, ही जोडी जुन्या करारात तीनच ठिकाणी येते. एकदा ईयोब आपल्या दशेचं वर्णन करताना, एकदा इथे, आणि एकदा अब्राहाम सदोम शहरासाठी देवाशी घासाघीस करताना स्वतःला, मर्त्य माणसाला, तसं म्हणतो तेव्हा. म्हणून अलीकडच्या काही ज्यू भाषांतरकारांनी आणि अभ्यासकांनी वाक्य निराळं उलगडलं. कुणी ‘मी माझं म्हणणं मागे घेतो, मी धूळ-राखच आहे’ असं केलं. एडवर्ड ग्रीनस्टीनने २०१९ च्या आपल्या भाषांतरात ईयोबाला शेवटपर्यंत न नमणारा ठेवलं, देवाला वैतागलेला आणि माणसाची कीव करणारा.

मी इतक्या टोकाला जात नाही. माझ्या वहीत ते वाक्य असं आहे: ‘म्हणून मी हे सोडतो, आणि धूळ-राख असण्याविषयी माझं सांत्वन झालं आहे.’ माझ्याजवळ याला आधार धातूचा आहे आणि त्याहून मोठा आधार लगेच पुढच्या वचनाचा. तिथे देव अलीफज या मित्राला म्हणतो की माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. ज्याचं बोलणं स्वतः देवाने यथार्थ ठरवलं, त्याने एक वाक्य आधी स्वतःचा धिक्कार कशासाठी केला असेल, हे त्या तिरप्या शब्दावर विसंबणाऱ्यांनी सांगायला हवं.